ऐरण माप द्यायला जाते

मनाँगहेला नदीच्या या काठावर, जिथं पोलादाच्या भट्ट्या विझून
आता गाड्या धुण्याचा धंदा चालतो,
तिथं इम्रिख हुडाकचं दुकान.
दाराला घंटी, काउंटरवर निळा खडू,
खिडकीत बिनमुंडक्याचा पुतळा
आणि त्याच्या अंगावर माझाच जुना कोट.

पिट्सबर्ग त्याला शिंपी समजतं.
मी एकविसाव्या अंकापासून ओळखून आहे.

उडणारा कॉर्बिन त्या अंकात मेला.
झग्याच्या उजव्या खांद्याला दोन टाके कमी होते, बस्स.
वारा आत शिरला, कापड फिरून तोंडावर आलं
आणि आकाशातला माणूस
चर्चमागच्या पाण्याच्या टाकीवर येऊन आदळला.
मग ओडेसा प्रॉक्टर, तळव्यांतून आग टाकणारी.
तिच्या हातमोज्यांचं अस्तर
त्यानं उलट्या बाजूनं लावलं होतं.
आग घरी परत आली.

दर अंकाच्या शेवटच्या चौकटीत भिंतीवर त्याची सावली,
हातात काहीतरी लांब.
वाचणाऱ्या पोरांना ती तलवार वाटते.
तो कापड मोजायचा गज आहे.

मी ऐरण. वर्तमानपत्रांनी ठेवलेलं नाव.
घरचं नाव मार्गी ब्रॅनिगन, ते फक्त विजेच्या बिलावर उरलंय.
सोनारानेच कान टोचावेत म्हणतात.
माझे कुणालाच टोचता आले नाहीत;
नऊ वर्षांची असताना तीन सुया मोडल्या,
आईनं दुकानदाराला तिन्हींचे पैसे दिले
आणि बसमध्ये घरापर्यंत बोलली नाही.
लग्न केलं त्याचं मनगट मी झोपेत मोडलं.
तो वाईट नव्हता. प्लास्टरवर माझीच सही घेऊन गेला.
तेव्हापासून लोक दुरून हात हलवतात.

म्हणून जाते. दर दोन महिन्यांनी,
काही उसवलेलं नसलं तरी.

"हात वर."
टेपचं गार पितळी टोक मानेवर,
मग खांद्याच्या हाडावर, मग काखेतून मागं.
त्याचा गुडघा दुखतो, बसताना कण्हतो.
शेजारच्या चर्चच्या तळघरात बायका पिरोगी उकडत असतात,
कांद्याचा वास भिंतीतून येतो.
तो माझं माप घेतो
म्हणजे मी कुठं संपते ते शोधतो.
मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे
की मला माहीत आहे.
तरी त्याच्या बोटांना घाई नसते,
आणि मी, खरं सांगते,
श्वास जरा रोखून धरते, दोन आकडे जास्त लागावेत म्हणून.

वाचकांची पत्रं येतात: हा असं का करतो?
कुणी लिहितं पैशासाठी, कुणी लिहितं बायको पुलावर होती.
मी एकदा सरळ विचारलं.
तोंडातल्या टाचण्या न काढताच तो म्हणाला,
"तुमच्या कपड्यांना रक्त लागतं. तुमचं नसतं.
एकतीस वर्षं मी ते थंड पाण्यात धुतोय."

पुढं काही बोलला नाही. मीही नाही.
हीटरमध्ये पाणी खडखडत राहिलं.

आज साठावा अंक.
बाहेर रस्त्यावर मीठ टाकलेलं, बर्फ काळा पडलेला.
नव्या कोटाची कॉलर बेतताना
त्याचा हात जरासा सरकला
आणि मी "आई" म्हणाले.

दोघंही थांबलो.
पांढऱ्या कापडावर एक ठिपका, मसुराएवढा.
रंग भरणाऱ्यानं जपून, एकदाच टेकवलेला लाल.
मी त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर
शिकार सापडल्याचा आनंद शोधला;
तिथं चष्मा होता, आणि चष्म्यामागं
टाका चुकलेला म्हातारा.
"माफ करा," म्हणाला. चाळीस अंकांत पहिल्यांदा.

लाल पुठ्ठ्याच्या वहीत त्यानं काही लिहिलं नाही.
कापूस दिला. कोट काढून घेतला.
"गुरुवारी या.
डाग निघतो का बघतो."

ब्लाउजवरच बाहेर पडले.
मला थंडी वाजत होती.